षड्ज कुणाकडे?

क्वार्टेटमध्ये चूक झाली की ती कुणाची, हे बाहेरच्याला सहसा कळत नाही. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. चौघं अर्धवर्तुळात बसलेले. हात दाखवायला कंडक्टर नाही, आधाराला तानपुरा नाही, ठेक्याला तबला नाही. बिघडलं तर श्रोत्याला एवढंच वाटतं की आज काही रंगलं नाही बुवा. वाजवणाऱ्यांना मात्र नेमकं ठाऊक असतं. आमच्या चौघांत बरीच वर्षं बाकीचे तिघं ज्याच्याकडे बघायचे, तो मी.

हल्ली नांदेड-हिंगोलीकडची मुलं मधूनमधून फोन करतात. ‘सर, विशारद झालंय, आता वेस्टर्न शिकायचंय, क्वार्टेटमध्ये वाजवायचंय. काय करू?’ काय करावं ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही. काय करू नये, या विषयात मात्र माझा हात धरणारा कुणी नसावा. म्हणून हे लिहितोय.

मी वसमत तालुक्यातला. माझा जन्म झाला तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ला. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. घरात व्हायोलिन शिरलं ते रेडिओतून. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. ‘गीतरामायणा’त व्हायोलिन वाजवणारे ते हेच, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. पोरानं तसं वाजवावं म्हणून एका वर्षी हळदीची पट्टी आल्याबरोबर त्यांनी मला वाद्य घेऊन दिलं आणि नांदेडच्या गुरुजींकडे धाडलं.

गुरुजींकडे मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवायचं, तारा षड्ज-पंचमात लावायच्या. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्या कॅसेटी ऐकायच्या आणि गळ्यातून जे निघतं ते गजातून काढायचं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत मी विशारद झालो. या तालमीनं मला कान दिला, मींड दिली. त्याबरोबर मी मनाशी एक समजूतही करून घेतली: व्हायोलिनवाल्यानं एकतर मैफल आपल्या नावावर करायची, नाहीतर गायकाच्या मागे सावलीसारखं राहायचं. याखेरीज तिसरी जागा असते, हे माझ्या गावीही नव्हतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ या समजुतीत आहे. गुरुजींचा त्यात दोष नाही. त्यांनी दिलेलं मी नको तिथे वापरलं.

मुंबईत आलो तेव्हा वाद्य तर तेच आहे, म्हणजे अर्धं काम झालं, अशा ऐटीत होतो. गोव्याकडचे एक वयस्कर सर शिकवायला तयार झाले. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांची हयात गेलेली. शिकवता शिकवता ते जुन्या मुंबईत शिरायचे. झुबीन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४०मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल, अशी नावं त्यांच्या बोलण्यात घरच्यासारखी यायची. दिवसभर स्टुडिओत गाण्यांचे तुकडे वाजवायचे आणि रात्री कुणाच्या तरी खोलीवर जमून हायडन, मोझार्ट काढायचे. त्याचे पैसे कुणी देत नसे आणि कुणी मागतही नसे, असं ते सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं. त्यांनी दिलेला अभ्यास मात्र आवडत नव्हता.

मांडी मोडून खुर्चीवर बसायचं, वाद्य हनुवटीखाली धरायचं, तारा जी-डी-ए-ई अशा लावायच्या, इथपर्यंत ठीक होतं. स्टाफ नोटेशन वाचायचा मला भयंकर कंटाळा. मी पळवाट काढली. रेकॉर्डिंग ऐकून सगळं पाठ करायचो आणि स्टँडवरच्या कागदाकडे नुसती नजर लावून वाजवायचो. हे बरेच महिने खपलं. मग एक दिवस सर म्हणाले, ‘सदतिसाव्या बारपासून घे.’ मला तो बार कुठला, हेच कळेना. सुरुवातीपासून वाजवत आलो असतो तर आपोआप तिथे पोचलो असतो. सर रागावले नाहीत. म्हणाले, ‘पुता, तुझे कान फार बरे आहेत, म्हणून डोळे आळशी झालेत.’

तेव्हा मला हा निव्वळ आळस वाटला होता. क्वार्टेटमध्ये गेल्यावर कळलं की पाठ केलेलं असतं ते फक्त आपलं. कागदावर आपल्या सुरांइतक्याच आपल्या गप्प बसण्याच्या जागा लिहिलेल्या असतात, आणि लांब विरामानंतर कुणाच्या कुठल्या तुकड्यावरून आत यायचं, त्याच्या बारीक अक्षरातल्या खुणाही असतात. मी त्या खुणा कधी वाचल्याच नव्हत्या. त्यातून पहिल्याच वर्षी एका ग्रंथालयातून आणलेल्या पार्टवर मी गजाच्या खुणा बॉलपेननं करून ठेवल्या. वर जायचं की खाली, हे तालमीत रोज बदलतं, म्हणून जगभर पेन्सिल वापरतात. त्या प्रतीची भरपाई मला द्यावी लागली आणि माझ्यानंतर ज्यानं ती वापरली असेल, त्याला माझे सगळे चुकीचे निर्णय शाईत मिळाले.

यथावकाश आम्ही चौघं जमलो. सगळे शाळांमधून आणि घरी शिकवण्या करून पोट भरणारे, एका हौशी चेंबर ऑर्केस्ट्रात ओळख झालेले. सेकंड व्हायोलिनला पुण्याची एक मुलगी, व्हिओलाला वसईचा मित्र, चेलोला आम्हा सगळ्यांपेक्षा बरेच मोठे असलेले काका. मी फर्स्ट, कारण माझा हात भरभर चालायचा. फर्स्ट कोण, यावर चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी, असं मलाही वाटलं नाही.

पहिली खटकाखटकी सुरावरून. पियानोचा गंधार चढा असतो, हे खरंच आहे. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो पियानोच्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट उतरा. मी दर तालमीत हे व्याख्यान द्यायचो आणि तिघांना त्यांचा गंधार खाली आणायला सांगायचो. व्याख्यान बरोबर होतं. वाजवत होतो ते चूक होतं.

तानपुऱ्याचा षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. क्वार्टेटमध्ये तो दर दोन-चार मात्रांना बिऱ्हाड बदलतो. सी मेजरमध्ये सीला षड्ज म्हणा. एफची कॉर्ड आली की ए हा सूर मध्यमाचा गंधार होतो. डी मायनरची कॉर्ड आली की तोच ए रिषभाचा पंचम होतो. कागदावर टिंब एकाच रेघेवर. पण दोन्ही वेळा बोट एकाच जागी टेकवलं तर एक कॉर्ड बेसूर होणारच. या दोन धैवतांमध्ये साधारण २२ सेंटांचं अंतर असतं. आपल्याकडे श्रुतींची चर्चा करणारे ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात, ते हेच. गंमत अशी की हा हिशेब मला परीक्षेपुरता तोंडपाठ होता. मी मात्र माझा धैवत आयुष्यभराचा एकच ठरवून बसलो होतो आणि कॉर्ड बेसूर झाली की तिघांकडे बघत होतो.

वाद्यं लावतानाही तेच. चेलोच्या मोकळ्या सीपासून शुद्ध पंचमांनी वर चढत व्हायोलिनच्या मोकळ्या ईपर्यंत आलात, तर ती ई त्या सीशी गंधार म्हणून जुळत नाही, तेवढीच एक प्रमाणश्रुती चढी पडते. म्हणून पुष्कळ क्वार्टेट पंचम अगदी किंचित आवळून लावतात. मला ते पाप वाटायचं. पंचम आवळायचा? मी माझ्या तारा शुद्ध लावायचो, तिघं समजुतीनं आपापल्या तारा माझ्याकडे सरकवायचे, आणि मोकळी ई आली की सगळ्यांचे चेहरे आंबट. शेवटी काकांनी एक रिवाज घालून दिला. अवघड कॉर्ड आली की तालीम थांबवायची आणि ती खालून रचायची. आधी चेलो, त्यावर व्हिओला, मग सेकंड, सगळ्यात शेवटी फर्स्ट. जागा उरेल तिथे फर्स्टनं बसायचं. मला ते मानहानीकारक वाटलं. तोवर मी आधी सूर लावत होतो आणि जगानं माझ्याशी जुळवून घ्यावं, अशी अपेक्षा ठेवत होतो.

मोझार्टनं १७८५मध्ये पुरी केलेली एक सी मेजर क्वार्टेट ‘डिसोनन्स’ या नावानं ओळखली जाते. हायडनला अर्पण केलेल्या सहांपैकी शेवटची. तिच्या सुरुवातीला चेलो सी धरून राहतो, त्यावर व्हिओला कोमल धैवत लावते, सेकंड कोमल गंधार, आणि तो कोमल धैवत कानातून गेलेला नसताना फर्स्टनं वर शुद्ध धैवत लावायचा. ऐकणारा दचकतो. दचकावं म्हणूनच ते लिहिलंय. माझ्या रागदारीच्या कानाला ते अजिबात पटेना. मी तो धैवत थोडा उतरवून, थोडा हळू, गजाचा दाब काढून वाजवायचो, म्हणजे टोचू नये. आम्ही ती बसवत असताना व्हिओलावाला मित्र एकदा वैतागून म्हणाला, ‘अरे, मोझार्टच्या वतीनं तू माफी काय मागतोयस?’ टोचणारा सूर सुसह्य करणं हे आपलं काम आहे, असं मी समजत होतो. साथ करताना ते कामी येतं. गायकाचा सूर हलला तर साथीदार सांभाळून घेतो. इथे सांभाळून घेण्यासारखं काही नव्हतं. मी खोडा घालत होतो.

साथीची दुसरी सवय याहून नडली. गायक जागा घेतो, साथीदार ती ऐकून पाठोपाठ तीच वाजवतो. क्षणभर मागे राहणं हाच तिथला शिष्टाचार. सेकंडकडे धून गेली की मी आपसूक साथीदार व्हायचो आणि तिच्या मागे मागे राहायचो. तिला वाटायचं मी लय ओढतोय. ती पुढे खेचायची, मी आणखी सभ्यपणे मागे. रेकॉर्डिंग लावून ऐकलं तेव्हा कळलं की आमच्यात दोन लयी चालल्या होत्या आणि दोघंही एकमेकांचा मान राखत होतो.

आणि धून माझ्याकडे आली की दुसरं टोक. ड्वोरझाकनं १८९३च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आयोवामधल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या गावी लिहिलेली एफ मेजर क्वार्टेट, ‘अमेरिकन’, आम्ही हौसेनं बसवायला घेतली. तिची पहिली धून पाच सुरांची आहे: एफला षड्ज म्हटलं तर सा, रे, ग, प, ध. म्हणजे सरळ भूपाचे सूर. आणि ती आधी येते व्हिओलाकडे. दोन्ही व्हायोलिनं वर नुसती सळसळत राहतात. भूप ऐकल्यावर मला कुठलं राहवतंय? पहिल्या तालमीत माझी सळसळ एवढी जोरात होती की व्हिओला बुडाली. मग धून माझ्याकडे आल्यावर मी गंधारावरून पंचमावर छानशी मींड घेतली, धैवतावर जरा रेंगाळलो. सगळे थांबले. मला वाटलं, दाद देताहेत. मित्र म्हणाला, ‘माझी धून मी तुझ्याकडे दिली होती. तू ती घरी घेऊन गेलास.’

तिथे सुरांचा साचा भूपाचा असला तरी त्याचं पुढे काय होतं, ते खालच्या कॉर्ड ठरवतात, आणि त्या दुसऱ्यांच्या हातात असतात. माझ्या मींडेनं खाली कॉर्ड बदलण्याची वेळ गाठली नाही. मींड चांगली होती, हे मी आजही म्हणेन. ती तिथली नव्हती.

आता पोटापाण्याचं. क्वार्टेटवर घर चालतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २००६मध्ये एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हापासून पगारी वादनाची एक वाट तयार झाली. पण ती अरुंद आहे आणि तिथल्या दर्जाला पोचायला लहानपणापासूनचं शिक्षण लागतं. बाकीच्यांची मिळकत येते ग्रेड परीक्षांच्या शिकवण्यांतून, स्टुडिओतून आणि लग्नांतून. पंचतारांकित हॉटेलात पाहुणे येत असताना हिरवळीवर चार जण काळ्या कपड्यांत वाजवत बसलेले दिसतात ना, ते आम्ही. हिंदी सिनेमाची गाणी, दोन-तीन इंग्रजी, आणि पाखेलबेलचा ‘कॅनन’. त्या ‘कॅनन’मध्ये चेलोला आठ सुरांचा एकच तुकडा २८ वेळा वाजवायचा असतो. काका म्हणायचे, ‘तुम्ही तिघं काय नाचायचं ते नाचा, मी आहे इथेच.’ त्यावर आम्ही हसायचो. आमचा षड्ज कुणाकडे आहे, ते इतक्या उघडपणे सांगितलेलं असूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

लग्नाच्या कामांवरून मी फुशारलो आणि क्वार्टेट गावाकडे न्यायची ठरवली. वसमतला एक मंगल कार्यालय मिळालं, तारीख ठरवली मार्चमधली. अण्णांना फोनवर सांगितलं तर पलीकडे थोडा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाले, ‘मार्चात कोण येईल बाबा? हळद निघायलीय.’ ज्या हळदीच्या पैशानं माझं पहिलं व्हायोलिन आलं, तिचा हंगाम मी विसरलो होतो. फेब्रुवारीपासून काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. घरचं एक माणूस रिकामं नसतं. तारीख बदलण्याइतका शहाणपणा मी दाखवला नाही. हॉल मिळालाय ना, मग बघू.

परभणीपर्यंत रेल्वेनं आणि पुढे भाड्याच्या गाडीनं आम्ही पोचलो. दुपारी जेवायला गेलो तेव्हा चेलो काकांनी बरोबर आत घेतला. मी व्हायोलिन बंद गाडीत ठेवलं, काचा वर करून. उन्हाळा लागलेला. व्हायोलिनचे सांधे सरसानं जोडलेले असतात आणि सरस उष्णतेनं सैल पडतो. परत आलो तर खालच्या बाजूला पाठ आणि कड यांच्या मधली चीर नखाएवढी उघडलेली. गज लावला की घरघर. मी घाबरून गावातल्या सुताराकडून सुतारकामाचा पांढरा गोंद भरून घेतला. ही चुकीवर चूक. सरस मुद्दाम वापरतात, कारण दुरुस्तीला वाद्य पुन्हा उघडता यावं. पांढरा गोंद धरला की सोडत नाही. उघडायला गेलं तर लाकूड फाटतं. मुंबईच्या कारागिरानं नंतर ते बघून हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि मला चहा पाजला. बिल वेगळं. त्या बिचाऱ्या सुतारानं मला आधीच विचारलं होतं, ‘सर, चालंल ना हे?’ चालेल, असं मीच म्हणालो होतो.

संध्याकाळी शाळेची पोरं, भजनी मंडळातली म्हातारी मंडळी आणि मोजके नातेवाईक. साउंडवाल्याकडे चांगला माइक एकच होता. तो त्यानं सवयीनं मुख्य कलाकारापुढे लावला, म्हणजे माझ्यापुढे, आणि भजनाला ठेवतात तसा एको चढवला. मी त्याला दोन वाक्यांत सांगू शकलो असतो की माइक मध्ये आणि जरा लांब, उंचावर ठेव आणि एको काढ. सांगितलं नाही. खरं कारण असं की गावच्या कर्ण्यातून माझं व्हायोलिन मला फार आवडलं होतं.

शेवटची रचना हायडनची, १७८१च्या संचातली, ‘जोक’ या टोपणनावाची. तिचा शेवट ही एक खोडी आहे. धुनेचे तुकडे करून मध्ये मध्ये विराम टाकलेत. लोकांना वाटतं संपलं, टाळ्या पडतात, आणि पुन्हा सुरू. सगळ्यात लांब विरामानंतर सुरुवातीचा तुकडा एकदाच, हळूच येतो आणि तिथेच खेळ खलास. श्रोते फसतात, हे ठरलेलंच. फर्स्ट व्हायोलिन फसल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. त्या लांब विरामात पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी उठून उभा राहिलो, वाकून नमस्कार केला. तिघांनी शेवटचा तुकडा सुरू केला. धून फर्स्टकडे असते. त्यामुळे वसमतकरांनी ऐकली ती नुसती साथ. पोरं खदखदून हसली. हायडनला बहुधा आवडलं असतं. मी विराम मोजले नव्हते, टाळ्या मोजत होतो.

रात्री अण्णा म्हणाले ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ‘ती पोरगी बरी वाजवती. पर तिचं ऐकूच आलं न्हाई. माइक तुझ्यापुढंच काहून व्हता?’ मी काहीतरी सांगितलं, एकच माइक होता वगैरे. अण्णांना पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जन्मभर ते टाळकऱ्यांच्या दोन समोरासमोरच्या रांगांमध्ये बसले होते. एकानं चाल उचलायची, समोरच्यांनी धरायची, मग त्यांच्यातल्या कुणी पुढचं चरण घ्यायचं, आणि पेटीनं दर वेळी ज्याच्या तोंडी चाल आहे त्याच्याकडे कान द्यायचा. त्यांच्या हिशेबानं मी पेटी घेऊन मध्येच बसलो होतो.

आता शेवटची चूक. ही संगीतातली नाही आणि बाकीच्यांसारखी हसत सांगण्यासारखीही नाही.

लग्नांचे फोन मी घ्यायचो. गाण्यांच्या चार आवाजांतल्या मांडण्याही मीच लिहायचो. समजा, पार्टीकडून ४०,००० रुपये ठरले. तिघांना मी सांगायचो, ३२,००० ठरलेत, प्रत्येकी आठ हजार. माझ्याकडे सोळा राहायचे. मनाशी माझा युक्तिवाद तयार होता: फोन माझे, लिखाण माझं, फर्स्टही मी. या कामाचे जास्त पैसे मागण्यात गैर काही नव्हतं. पुष्कळ क्वार्टेट तसे उघडपणे ठरवून घेतात. मी मागितले नाहीत, काढून घेतले. मागितले असते तर कुणी तरी विचारलं असतं की आठ हजार जास्त का, चार का नाहीत? तो प्रश्न मला नको होता.

एका लग्नात हॉटेलच्या माणसानं पावतीवर सही घ्यायला मी दिसत नव्हतो म्हणून कागद सेकंडच्या हातात दिला. आकडा तिनं वाचला, सही केली, कागद परत दिला आणि पुढचे दोन तास वाजवलं. त्या दिवशी तिचं वाजवणं नेहमीसारखंच नेमकं होतं. मला काही कळलं नाही. पुढच्या तालमीला तिनं सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, ‘आपण नक्की किती जण वाजवतो?’ काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी फरक परत केला, मागच्या कामांचाही, जेवढा आठवला तेवढा. तिनं घेतला. कबूल केलेली कामं पुरी केली आणि क्वार्टेट सोडली.

तिच्या जागी लगेच कुणी मिळेना. तरुण फर्स्ट मिळतात, सेकंड कुणाला व्हायचं नसतं. शेवटी एक मुलगा फर्स्टला आला आणि मी सेकंडच्या खुर्चीवर सरकलो. तात्पुरता म्हणून बसलो, तो अजून तिथेच आहे. इथे बसल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की क्वार्टेटमध्ये कॉर्डचा गंधार किती वेळा सेकंडकडे येतो. वर फर्स्टची धून, खाली चेलोचा पाया, आणि कॉर्ड मेजर की मायनर, गोड की आंबट, हे मधल्या एका बोटावर. ज्या गंधाराची व्याख्यानं मी वर्षानुवर्षं झोडली, तो इतकी वर्षं ती लावत होती. दर कॉर्डला, माझ्या हट्टी धैवताशी आणि काकांच्या सीशी जमवून घेत. मला तो कधी वेगळा ऐकू आला नव्हता, म्हणजे तो बरोबर लागत होता.

आता काम ठरलं की पार्टीचा मेसेज जसाच्या तसा चौघांच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली कुणाला किती, कशाबद्दल, ते लिहितो. मांडणी लिहिण्याचे पैसे वेगळे दाखवतो. गेल्या वेळी नव्या मुलानं त्यावर घासाघीस केली आणि मला दोन हजार कमी घ्यावे लागले. मला ते आवडलं नाही. पैसे मात्र कमी घेतले.

फोन करणाऱ्या मुलांना मी हे सगळं सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की वाचायला शिका, पेन्सिल जवळ ठेवा, वाद्य गाडीत विसरू नका, दर कॉर्डला विचारा की आत्ता षड्ज कुणाकडे आहे, आणि बिदागीचा आकडा सगळ्यांना एकच सांगा. त्यांना यातलं शेवटचं सगळ्यात सोपं वाटतं.

मागच्या वर्षी शूबर्टची दोन चेलोंची क्विंटेट करायचं घाटत होतं आणि आमचा फर्स्ट परगावी जाणार होता. मी तिला फोन केला. फर्स्टला येशील का, विचारलं. तिनं आधी बिदागी विचारली, मग ती कशी वाटणार ते विचारलं. मी पाचही आकडे सांगितले. ‘बघते,’ म्हणाली. अजून बघतेच आहे.